जाहीरनाम्यातली दोन पाने

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

निवडणूक आली की उमेदवाराच्या आश्वासनांवर टीका होते. निकाल लागला की ती आश्वासने आणि ती टीका, दोन्ही रद्दीत जातात. टीका करणाऱ्यांचे किती बरोबर आले आणि किती चुकले, हे मागे वळून कोणी पाहत नाही. आज मी ते करणार आहे. त्यासाठी निवडणूक घेतली आहे अमेरिकेची, २००० सालची. उमेदवार होते टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश. त्यांच्या कर-योजनेवर आणि परराष्ट्र धोरणावर त्या वर्षी भरपूर टीका झाली. तिचे पुढे काय झाले, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

सुरुवात एका गमतीपासून करतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये बोस्टनच्या एका दूरचित्रवाणी वार्ताहराने बुश यांना चार नावे विचारली. चेचन्या, तैवान, पाकिस्तान आणि भारत येथे सत्तेवर कोण आहे? तैवानसाठी ते ‘ली’ एवढेच म्हणाले. बाकी तीन नावे त्यांना आली नाहीत. अटलबिहारी वाजपेयी यांनी महिन्यापूर्वीच पंतप्रधानपदाची पुन्हा शपथ घेतली होती. तेव्हा आपल्याकडे लोक हसले, थोडे रागावलेही. ज्याला वाजपेयी ठाऊक नाहीत तो जगाचे राजकारण काय करणार, असा एकूण सूर होता. पण याच बुश यांनी जुलै २००५ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्याबरोबर अणुकराराची घोषणा केली आणि ऑक्टोबर २००८ पर्यंत तो तडीस नेला. म्हणजे माणसाच्या अज्ञानावर केलेली टीका चुरचुरीत होती, पण तिच्यातून पुढचे काहीच कळले नाही. टीका माणसावर न करता त्याच्या प्रस्तावावर करावी, एवढा पहिला धडा इथे घेऊन पुढे जाऊ.

आता पहिले पान, करांचे.

१ डिसेंबर १९९९ रोजी आयोवा राज्यात बुश यांनी आपली कर-योजना मांडली. प्राप्तिकराचे तेव्हा पाच टप्पे होते. १५, २८, ३१, ३६ आणि ३९.६ टक्के. त्यांच्या जागी चारच ठेवायचे. १०, १५, २५ आणि ३३. मुलांमागे मिळणारी कर-सवलत ५०० डॉलरवरून १,००० डॉलर करायची. मृत्यूनंतर इस्टेटीवर लागणारा कर रद्द करायचा. आपल्याकडची इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये गेली, तशातलाच हा कर. या सगळ्याचा खर्च बुश यांच्या हिशेबाने दहा वर्षांत १.३ लाख कोटी डॉलर होता.

त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारकडे पैसा उरतो आहे, तो लोकांचा आहे, लोकांना परत द्या. आणि पैसा खरोखर उरत होता. २००० च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या अर्थसंकल्पात २३६ अब्ज डॉलर शिल्लक होते. ही शिल्लक वाढतच जाणार, असे सगळे तज्ज्ञ सांगत होते.

३ ऑक्टोबर २००० रोजी बोस्टनला पहिला वादविवाद झाला. डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांनी तिथे हल्ला चढवला. शिक्षण, आरोग्य, औषधे आणि संरक्षण यांवर बुश जेवढा नवा खर्च करणार आहेत, त्याहून जास्त पैसा ते सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांच्या करसवलतीवर घालवणार आहेत, असे गोर यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. बुश यांनी त्याला ‘धूसर गणित’ म्हणून उडवून लावले. जो जास्त कर भरतो त्याला जास्त सवलत मिळणारच, यात अन्याय कसला, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. गोर यांचा दुसरा मुद्दा निवृत्तिवेतनाचा होता. तरुणांना त्यांच्या वर्गणीतले सुमारे एक लाख कोटी डॉलर खासगी खात्यात टाकू देणार, आणि तेच पैसे म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठीही लागणार. एकच रक्कम दोन पिढ्यांना कशी देता, असा त्यांचा प्रश्न होता.

पण या भांडणात एक प्रश्न मागे पडला. पैसा कोणाला द्यायचा, यावर दोघे हिरिरीने बोलत होते. तो हातात आहे का, हे फार थोडे लोक विचारत होते. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने पुढच्या दहा वर्षांत ५.६ लाख कोटी डॉलर शिल्लक राहील, असा अंदाज दिला. लक्षात घ्या, हा अंदाज होता. शेअर बाजाराच्या तेजीतून आलेला कर असाच येत राहील, हे त्यात गृहीत होते. आपल्याकडे म्हण आहे ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. वॉशिंग्टनमध्ये तेच चालले होते.

पुढे काय झाले? मार्च २००१ मध्ये मंदी सुरू झाली. ७ जून २००१ रोजी करकपातीचा कायदा झाला, दहा वर्षांत १.३५ लाख कोटी डॉलरचा. इथे एक गोष्ट फार बोलकी आहे. तेजीत बुश म्हणत होते, पैसा उरतो आहे म्हणून कर कमी करा. मंदी आल्यावर म्हणू लागले, लोकांच्या हातात पैसा खेळावा म्हणून कर कमी करा. दुखणे बदलले, पण औषध तेच राहिले. तापावर दिलेली गोळी वैद्य पोटदुखीवरही देऊ लागला, की रोग्याने सावध व्हावे.

आता दुसरे पान, परराष्ट्र धोरणाचे.

११ ऑक्टोबर २००० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विन्स्टन-सेलम इथे दुसरा वादविवाद झाला. तिथे बुश काय म्हणाले? आपण उद्धट राष्ट्र झालो तर जग आपला राग करील. आपण नम्र, पण सामर्थ्यवान राहिलो तर जग आपले स्वागत करील. दुसऱ्यांची राष्ट्रे उभारून देण्यासाठी अमेरिकी सैन्य वापरू नये, असेही ते म्हणाले. त्यांच्या सल्लागार काँडोलीझा राईस यांनी तर बाल्कन प्रदेशातली अमेरिकी फौज कमी करण्याचे सूचित केले. यावर टीका झाली ती अशी की, हे गृहस्थ अमेरिकेला जगापासून अलग करतील, मित्रराष्ट्रांना वाऱ्यावर सोडतील. युरोपात काळजी व्यक्त झाली. गोर यांनी कोसोव्होतल्या हस्तक्षेपाचे समर्थन केले.

श्रोतेहो, ही टीका आज वाचली की खिन्न हसू येते. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही आठवड्यांतच अमेरिकी सैन्य अफगाणिस्तानात उतरले, आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत तिथेच होते. मार्च २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली. नम्र परराष्ट्र धोरणाचे आश्वासन देणाऱ्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत अमेरिकेने दोन देश उभारण्याचे काम अंगावर घेतले. टीकाकारांना भीती होती, बुश काहीच करणार नाहीत. झाले नेमके उलटे.

मग टीकाकार नालायक होते का? नाही. परराष्ट्र धोरणातले आश्वासन उमेदवाराच्या एकट्याच्या हातात नसते. शेजारी, शत्रू, अपघात, सगळे त्यात वाटेकरी असतात. कर किती घ्यायचा हे मात्र सरकारच्या हातात असते. म्हणून कराचे आश्वासन पाळले गेले आणि परराष्ट्र धोरणाचे मोडले.

माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. त्या वर्षी ही दोन पाने वेगवेगळी वाचली गेली. कराच्या पानावर अर्थतज्ज्ञ बोलले, परराष्ट्र धोरणाच्या पानावर मुत्सद्दी बोलले. दोन्ही पानांचे बिल एकाच तिजोरीवर येते, हे सांगणारे फार कमी होते.

सप्टेंबर २००२ मध्ये इराकच्या युद्धाला १०० ते २०० अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी बोलून दाखवला. हेच लिंडसे निवडणुकीतल्या कर-योजनेचे प्रमुख शिल्पकार होते. सरकारने तो आकडा फार मोठा म्हणून झटकला आणि ५०-६० अब्जांची भाषा सुरू झाली. डिसेंबरमध्ये लिंडसे यांना जावे लागले. त्याच वेळी अर्थमंत्री पॉल ओनील यांनाही जावे लागले, कारण त्यांचा आणखी करकपातीला विरोध होता. मार्चमध्ये युद्ध सुरू झाले आणि २८ मे २००३ रोजी, सैन्य बगदादमध्ये असताना, दुसऱ्या करकपातीच्या कायद्यावर सही झाली. सिनेटमध्ये मते समसमान पडली होती. उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मताने तो मंजूर झाला. २०११ मध्ये फौजा परतल्या तोपर्यंत इराकवरचा खर्च ८०० अब्ज डॉलरच्या आसपास गेला होता. लिंडसे यांचा ‘फार मोठा’ आकडा प्रत्यक्षात फार लहान ठरला. आणि सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि असंख्य इराकी नागरिक गेले, त्यांचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

युद्ध चालू असताना कर कमी करायचे, हे अमेरिकेच्याही रीतीला सोडून होते. दुसऱ्या महायुद्धात तिथे प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९४ टक्क्यांपर्यंत गेला होता. व्हिएतनामच्या वेळी, उशिरा का होईना, १९६८ मध्ये जॉन्सन यांनी करावर दहा टक्के अधिभार लावला.

आपलाही अनुभव आठवा. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ च्या अर्थसंकल्पात मोरारजी देसाई यांनी जादा नफ्यावर कर आणि सक्तीची ठेव योजना आणली. सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरटचे दागिने आले आणि कितीतरी सोनारांची भट्टी विझली. मोरारजींना लोकांनी मनसोक्त शिव्या दिल्या. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ज्येष्ठ श्रोत्यांना ते आठवत असेल. ते उपाय सगळेच शहाणपणाचे होते असे मी म्हणत नाही. पण पत्राला ते तिकीट चिकटवताना घरातल्या पोरालाही कळत होते, की सीमेवर काहीतरी चालले आहे आणि त्याची किंमत आपण देतो आहोत.

अमेरिकी नागरिकाला ते कळले नाही. २००१ च्या उन्हाळ्यात त्याच्या घरी ३०० डॉलरचा, जोडप्याला ६०० डॉलरचा धनादेश आला होता. युद्धाचा खर्च पुरवणी मागण्यांतून होत राहिला आणि पैसा कर्जाने आला. बुश यांनी प्रचारात चीनला स्पर्धक म्हटले होते. त्याच चीनने अमेरिकी सरकारचे कर्जरोखे इतके घेतले की २००८ मध्ये तो परदेशी धनकोंत पहिल्या क्रमांकावर गेला. मुंबईच्या आपल्या रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतही हे रोखे आहेत. २००४ च्या आर्थिक वर्षात तूट ४१३ अब्ज डॉलर झाली. बुश आले तेव्हा अमेरिकेवरचे एकूण कर्ज ५.७ लाख कोटी डॉलर होते, गेले तेव्हा ते १०.६ लाख कोटी होते.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. सारा दोष करकपातीचा नाही. मंदीने महसूल घटला. २००३ मध्ये वृद्धांच्या औषधांची योजना आली, ती लोकांना हवीच होती. पुढच्या अध्यक्षांनीही कर्ज वाढवले. २०२४ च्या अखेरीस ते ३६ लाख कोटींच्या पुढे गेले. शिवाय २००१ च्या करसवलती २०१० मध्ये संपायच्या होत्या. त्यांतल्या बहुतेक जानेवारी २०१३ मध्ये, बराक ओबामा यांच्या सहीने, कायमच्या झाल्या. दिलेली सवलत परत घेणे कुठल्याच पक्षाला सोपे नसते. म्हणूनच ती देण्याआधी प्रश्न विचारायचे असतात.

ते प्रश्न कोणते? मला तीन सुचतात. उमेदवार जो पैसा वाटतो आहे तो हातात आहे, की अंदाजात? परिस्थिती उलटली तरी त्याचा उपाय तोच राहतो का? तसे असेल तर तो उपाय आधी ठरला आणि कारण मागून शोधले, असे समजावे. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही पाने एकत्र वाचली तर बेरीज जुळते का? उद्या संकट आले तर त्याचे पैसे कोण देणार, हे कुठे लिहिले आहे का? हे प्रश्न आपल्या जाहीरनाम्यांनाही लागू पडतात, हे मी वेगळे सांगायला नको.

२००० ची ती निवडणूक फ्लोरिडातल्या अवघ्या ५३७ मतांनी ठरली. एखाद्या गावच्या छोट्या वॉर्डात असतील, एवढी मते. तेवढ्या लोकांनी जरी ती दोन पाने शेजारी ठेवून वाचली असती, तरी त्यांनी मत कोणाला दिले असते, हे मी सांगू शकत नाही. पण मत देताना आपण कसले बिल स्वीकारतो आहोत, हे त्यांना कळले असते. मतदाराचा तेवढा हक्क आहे, आणि तेवढे कामही.