तानूनं रडायचं कुठे?



गेली चार वर्षं मी एका बाईच्या मागावर आहे. तिचं नाव तानू. ती माझ्या कादंबरीतली आहे, बाहेर कुठे नाही. देवरुखाकडच्या खेड्यातून नवऱ्यामागोमाग मुंबईला आलेली, लालबागला चाळीत राहणारी, गिरणीच्या वायंडिंग खात्यात कामाला जाणारी. साल १९२८. तिचा धाकटा मुलगा गावी सासूजवळ आहे. आषाढात कार्ड येतं, की पोर गेलं. माझ्या पहिल्या खर्ड्यात ती दार लावून घेते, रात्रभर एकटी रडते आणि सकाळी बोटीनं गावाला निघते.

हे प्रकरण मी एका आजींना वाचून दाखवलं. त्यांचा जन्म लालबागचा, पुढे सगळी नोकरीही गिरणीतच झाली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "दार लावून? मग बाकीची माणसं कुठं गेली होती?"

या एका प्रश्नापायी मी गिरणगाव पायांखाली घातलं. त्याआधी मी ग्रंथालयात बसून गिरणगाव लिहीत होतो. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली इथपासून सगळं पाठ होतं, पण खोलीत माणसं झोपतात कशी, हे ठाऊक नव्हतं.

काळाचौकीला एका जुन्या चाळीत घरमालकिणीची परवानगी घेऊन मी खोली टेपनं मोजली. दहा फूट बाय साडेअकरा, त्यातच मोरी. घरी येऊन दिवाणखान्यातलं सामान हलवलं आणि फरशीवर खडूनं ती खोली आखली. मोरी काढली. चूल, पाण्याचं पिंप, ट्रंक, भिंतीकडेची मांडणी, सगळ्यांना जागा दिली. मग माझ्या कादंबरीतली सात माणसं त्यात झोपवायला बसलो: तानू, नवरा, दोन मुली, दीर आणि गावचे दोन पुरुष, जे महिन्याचे पैसे देऊन तिच्याकडे जेवत आणि राहत. पुरुषांना गॅलरीत काढलं तरी तानूच्या वाट्याला उरली ती चूल आणि थोरल्या मुलीची पाठ यांच्या मधली, हातभर रुंदीची पट्टी. त्या पट्टीत मी स्वतः आडवा झालो. तिथे हुंदका दिला असता तर पाठीला पाठ लावून झोपलेली मुलगी जागी झाली असती.

मग एकांत शोधत हिंडलो. गॅलरी? तिथे पुरुष झोपलेले. गच्ची? मी पाहिलेल्या जुन्या चाळींवर कौलं होती, गच्ची नव्हतीच. संडासाला रांग, पहाटेच्या नळाला रांग. तानूला बीडीडी चाळीत हलवावं, असंही मनात आलं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून या चाळींच्या २०७ इमारती, एकेकीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्या नुकत्याच बांधून झाल्या होत्या आणि १९२८ मध्ये वरळीला कित्येक खोल्या रिकाम्याही होत्या. पण त्या रिकाम्या का, याचं उत्तर मिळालं तेव्हा माझा बेत तिथेच संपला. भाडं परवडत नव्हतं, आणि सिमेंटच्या त्या भिंतींत राहायला माणसं नाराज होती. मला सोयीची म्हणून तानू तिथे कशी जाईल? आज त्यांतल्या बऱ्याच चाळी पाडून पाचशे चौरस फुटांची घरं दिली जाताहेत. ती घरं मिळायलाच हवीत. जुन्या खोलीत हळहळायला येणाऱ्या माझ्यासारख्यांनी एकदा त्या हातभर पट्टीत रात्र काढावी.

शेवटी पुन्हा आजींकडे गेलो. विचारलं, "आजी, मग तुम्ही रडायचात कुठे?"

त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "खात्यात. मशीन चालू झालं की शेजारणीला मारलेली हाक ऐकू जात नाही. तिथं रडून घ्यायचं. कापसाच्या तुसानं डोळे सगळ्यांचेच लाल. कोण विचारतंय?"

मंडळी, हे मला कुठल्याही ग्रंथालयात मिळालं नसतं. ज्या आवाजाला मी आजवर छळ म्हणून लिहीत होतो, तोच त्या बायांचा आडोसा होता.

आनंदानं घरी आलो, लिहायला बसलो आणि हात थांबला. १९२८! एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. एका माणसानं जास्त साचे सांभाळावेत, या मालकांच्या नव्या योजनेविरुद्ध आणि मजुरीतल्या कपातीविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. आषाढात कार्ड येतं तेव्हा तानूचं मशीन मुकं होतं.

आणि बोट? पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद. जयगडला उतरायचं तर दर्या शांत व्हायला हवा. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीला गेली. दुसरी वाट म्हणजे रेल्वेनं कोल्हापूर आणि पुढे आंबा घाट उतरून देवरुख. तीन महिने पगार नाही, वाण्याची उधारी तुंबलेली, त्यात तिकिटाचे पैसे कुठून येणार? माझी तानू मुंबईतच अडकली. रडायलाही जागा नाही, जायलाही वाट नाही.

याच संपाच्या वर्षी लालबागच्या गणेश गल्लीचा सार्वजनिक गणपती सुरू झाला. आता माझ्या कादंबरीत गल्लीत आरती चालली आहे आणि तानू मुलींना घेऊन मागे उभी आहे. ती टाळ्या वाजवते. कार्ड येऊन दोन महिने झालेत. गेलेल्या पोराचं नाव तिनं अजून मोठ्यानं उच्चारलेलं नाही.

मागच्या महिन्यात लोअर परळला गेलो होतो. फिनिक्स गिरणीचा आता मॉल झाला आहे. चिमणी मात्र उभी आहे. तिच्याखाली दिवसभर संगीत सुरू असतं. तिथे उभं राहून मी सतराव्या प्रकरणाचा शेवट मनात जुळवला आणि घरी येऊन लिहिला. ऑक्टोबर उजाडला आहे, संप मिटला आहे, भोंगा झाला आहे. सहा महिन्यांनी बाया खात्यात शिरतात. पदर खोचतात, बॉबिनी लावतात. पट्टे फिरू लागतात, आवाज वाढत जातो. शेजारीण वळून काहीतरी विचारते. तानू कानाला हात लावून खूण करते, की ऐकू येत नाही. मग मशीनकडे तोंड वळवते.