‘कॅन’ म्हणजे हो, पण कोणता हो?
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ हा विषय दिला. सिंगापूरच्या उंच इमारती आणि चकचकीत रस्ते तुम्ही मोबाइलवर पाहिलेच आहेत, त्यात मी काय भर घालणार? म्हणून एकाच गोष्टीवर बोलते. इंजिनिअरिंग होऊन, पुण्यात काही वर्षे नोकरी करून मी तिकडे गेले आणि मला इंग्रजी पुन्हा शिकावी लागली.

सिंगापूरच्या अधिकृत भाषा चार : इंग्रजी, मलय, मँडरिन चिनी आणि तमिळ. १८१९ साली इंग्रजांनी तिथे ठाणे घातले. दक्षिण चीनमधून होक्कियन बोलणारी माणसे आली, आपल्याकडून तमिळ मजूर गेले, मलय लोक आधीपासून होतेच. बंदरात, बाजारात आणि इंग्रजी शाळांच्या मैदानावर या सगळ्यांची मिळून एक बोली झाली. तिचे शब्द बरेचसे इंग्रजी, पण वाक्याचा सांगाडा चिनी-मलय. तिला सिंग्लिश म्हणतात. अशा मिसळीतून जन्मलेल्या भाषेला भाषाशास्त्रात क्रिओल असे नाव आहे. जॉन प्लॅट या अभ्यासकाने १९७५ मध्ये सिंग्लिशला ‘क्रिओलॉइड’, म्हणजे क्रिओलसारखी, म्हटले होते. आता अनेक जण तिला सरळ क्रिओलच म्हणतात. नाव काहीही द्या, तिला स्वतःचे व्याकरण आहे.

सुरुवातीला मला ती ऐकूच येत नसे, कारण मी जेवणाच्या टेबलाजवळ गेले की सहकारी सरळ इंग्रजीवर यायचे. आठवते का, मैदानावर आपण झाडीत भांडायचो आणि सर दिसले की ‘सर, ह्याने मला मारले’ असे एकदम शुद्ध? अगदी तसेच.

मी कॉफीपासून सुरुवात केली. तिथल्या टपरीवर नुसते ‘कोपी’ म्हटले की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी येते. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, पण साखर असलेली. ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणजे काळी आणि बिनसाखरेची. एका कपात मलय आणि होक्कियन दोन्ही. क्रम ठरलेला, तो चुकला की दुकानदार काका मान वर करून बघणार. प्रोग्रामिंगवाल्या माणसाला हे फार आवडते.

मग वाक्ये कळू लागली. ‘आय ईट ऑलरेडी’ म्हणजे जेवले मी. इथे ‘ऑलरेडी’ हा शब्द क्रिया पूर्ण झाली एवढेच सांगतो, होक्कियनमध्ये ‘लियाव’ सांगतो तसा. ‘गॉट राइस?’ म्हणजे भात आहे का? भेटल्यावर ‘मकान ऑलरेडी?’ असे विचारतात, मकान म्हणजे मलयमध्ये खाणे. म्हणजे आपले ‘जेवलास का?’ अनोळखी माणसाला अंकल-आंटी. आणि खाण्याच्या जागी टेबल अडवायला कागदी रुमालाचे पाकीट ठेवतात, त्याला ‘चोप’ करणे म्हणतात. ज्याने गोंदिया-देवरी एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

खरे अवघड प्रकरण आहे ‘कॅन’. इंग्रजीत त्याला पुढे क्रियापद लागते, इथे तो एकटाच अख्खे उत्तर असतो. पण त्याच्या शेपटीकडे लक्ष हवे. ‘कॅन लाह’ म्हणजे होईल ना, काळजी कशाला. ‘कॅन मेह?’ म्हणजे होईल म्हणता? खरंच? ‘कॅन होर?’ म्हणजे नक्की ना? आणि ‘कॅन लोर’ म्हणजे होईल बा, आता करायचंच म्हणता तर. बाहेरचे लोक हौसेने प्रत्येक वाक्याला ‘लाह’ चिकटवतात आणि हसे होते. मी दोन वर्षे नुसते ऐकले. आपल्या ‘ना’, ‘की’, ‘जी’ यांनी कान तयार केले होते म्हणून जमले, असे मला वाटते.

एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सॉफ्टवेअरचे रिलीज होते. फोनवर भारतातली टीम होती. आमच्या टेस्टरला विचारले, ‘आज रात्री करायचे?’ तो म्हणाला, ‘कॅन लोर.’ तिकडच्यांनी ‘कॅन’ ऐकले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मला तो ‘लोर’ टोचला. फोन संपल्यावर त्याच्या टेबलाशी गेले आणि विचारले, ‘कॅन मेह?’ तो हसला, मग बोलला. जुन्या खात्यांची माहिती नव्या प्रणालीत नेण्याचे काम पूर्ण डेटावर तपासलेच नव्हते. तारीख वरून ठरलेली, नाही कोण म्हणणार? आम्ही रिलीज थांबवले. शनिवार-रविवार पूर्ण डेटा चालवून पाहिला, तर काही खात्यांच्या शिल्लक रकमा जुळत नव्हत्या. लोकांचे पैसे होते ते. सोमवारपासून माझ्यासाठी कुणी इंग्रजी सरळ केली नाही.

सरकारला मात्र ही बोली नको होती. १९९९ मध्ये पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात टीव्हीवरच्या फुआ चू कांग या विनोदी कंत्राटदाराच्या इंग्रजीवर नाराजी दाखवली आणि २००० पासून चांगली इंग्रजी बोला अशी मोहीमच सुरू झाली. त्यांचे कारण खोटे नव्हते. जगाशी व्यापार करणाऱ्या देशाला जगाला कळेल अशी इंग्रजी हवीच. आपल्या सरांनी आपले श, ळ आणि ण घासून घेतले नसते, तर मी पुण्यातल्या मुलाखतीत किती टिकले असते कोण जाणे. पण एक यावी म्हणून दुसरी मोडकी ठरवावी लागते, हे मला पटत नाही.

त्याची किंमत मी आमच्या इमारतीत पाहते. शेजारच्या आंटींची भाषा होक्कियन. १९७९ मध्ये मँडरिन बोला ही मोहीम निघाली, पुढे रेडिओ-टीव्हीवरूनही या बोली गेल्या. त्यांच्या नातवंडांना मँडरिन आणि इंग्रजी येते, होक्कियन येत नाही. आजी आणि नातू यांच्यात आता उरली आहे ती सिंग्लिश, तेवढ्या शंभर-दोनशे शब्दांत जेवण, शाळा, दुखणे-खुपणे सगळे.

माझी आई तीन महिने राहायला आली होती. तिला इंग्रजी येत नाही, आंटींना मराठी येत नाही. दोघी खाली बाकावर बसायच्या. आंटी म्हणायच्या ‘मकान ऑलरेडी?’ आणि आई म्हणायची ‘हो जी, तुमी?’ माझी मुलगी मध्ये दुभाषी. एक दिवस तिने मला विचारले, ‘आजी डोळ्याला डोरा का म्हणते?’ मी सांगितले, झाडीत ळ नसतो, त्याचा र होतो. ती म्हणाली, ‘म्हणजे नियम आहे.’ मग दोन दिवस ती आजीवर परीक्षा घेत होती : फळ? फर. शाळा? सारा. काळा? कारा. आजीने एकही उत्तर चुकवले नाही, उलट ‘ही पोरगी मले कायले विचारते?’ म्हणून माझ्यावरच डाफरली.

आपण दहावी झालो तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा झाला. आपल्यापैकी कितीतरी जण आज याच जिल्ह्यात शिक्षक आहेत. तुमच्या पहिलीच्या वर्गात कुणी ‘मी सारेत आलो’ म्हणाले, तर दुरुस्त जरूर करा, पण त्याचे म्हणणे संपल्यावर.

बाहेर चहाच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. बांधी, पऱ्हे, रोवणी, बोडी, तनीस एवढे मी लिहून ठेवलेत. पवारी, छत्तीसगढी, गोंडी, ज्याच्या घरी जे बोलतात ते चालेल. जेवणाला अजून अर्धा तास आहे म्हणतात, तेवढ्यात दोन-चार शब्द लिहा.