दादाचं घर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ‘सी’ विंगमधील एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. विषय आहे, ‘सोसायटीने मला काय दिलं’. मी दादाबद्दल बोलणार आहे. तो पहिल्याच रांगेत बसलाय, माझं काही चुकलं तर लगेच दुरुस्त करील.

दादा माझा थोरला भाऊ. वय 49. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची. आईला बायका विचारायच्या, “ग्रहणात काही चिरलं होतंत का?” यात कुणाचाच दोष नसतो, हे तिला पटायला फार वर्षं लागली.

आई गेली तेव्हा मी नाशिकला होते. तेराव्यालाच विषय निघाला, याला कुठेतरी ‘ठेवू’ या. मी त्याला नाशिकला घेऊन गेले. आठवड्याभरात तो बोलेनासा झाला. रोज संध्याकाळी सहाला चपला घालून दाराशी उभा राहायचा. मला काही कळेना. मग तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला, “अगं, जिन्यातले दिवे दादा लावायचा ना सहाला! आता अंधारच असतो. कधी आणतेस त्याला?”

त्या फोनने मला कळलं, दादाचं घर कुठे आहे ते. वर्षअखेर ह्यांची बदली झाली आणि आम्ही इथे आलो. खरं सांगते, मनातून मी चिडलेलीच होते. माझा संसार मोडून त्याचा सांभाळ करायला आले, असं वाटायचं.

सगळं गोडच झालं असंही नाही. दादाने लिफ्टमध्ये एकट्याने जाऊ नये, असं पत्र कमिटीकडे आलं होतं. ज्यांनी लिहिलं ते काका समोर बसलेत, त्यांना विचारूनच सांगतेय. कमिटीने त्यांना आणि मला समोरासमोर बसवलं. त्यांना लहान नातीची काळजी होती, मला दादाची. दोघांचं बोलणं झालं आणि पत्र मागे घेतलं गेलं. ती नात आता दादाबरोबर पत्ते खेळते आणि हरली की रुसते.

एक गोष्ट उपयोगाची म्हणून सांगते. अशी व्यक्ती 18 वर्षांची झाली की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मग भावंडं तर दूरच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मला हे माहीतच नव्हतं. ‘ए’ विंगच्या वकीलबाईंनी दोन रविवार बसून माझे कागद भरून दिले. न्यासाची ‘निरामय’ ही 1 लाखापर्यंतची आरोग्यविमा योजनाही त्यांच्याचकडून कळली. कुणाच्या नात्यात गरज असेल तर माझ्याकडे या, फॉर्म मी भरून देईन.

आता मागणं. डाउन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर लवकर गाठू शकतो, चाळिशी-पन्नाशीतच. गेल्या दिवाळीपासून दादा थोडा विसरतोय. दोनदा चुकीच्या मजल्यावर उतरला. दोन्ही वेळा तुम्ही त्याला चहा पाजून घरी आणून सोडलंत. रात्री मला ‘माझ्यानंतर कोण?’ या विचाराने झोप येत नाही, तेव्हा मी तो चहा आठवते. पूर्ण उत्तर मिळत नाही, पण झोप लागते.

म्हणून एवढंच करा. एखाद्या संध्याकाळी सहाला जिन्यात अंधार दिसला, तर परस्पर दिवे लावू नका. आधी दादाला हाक मारा. बटण त्यालाच दाबू द्या.

पावणेसहा झाले. तो घड्याळाकडे बघतोय, म्हणजे मला थांबायला हवं.