माथा गाठला, पण नोंद कुठंय?

आजचा भाग बोरीत रेकॉर्ड होतोय. बोरी म्हणजे परभणी जिल्ह्यातली, जिंतूर तालुक्यातली. मागं एसटीचा हॉर्न ऐकू आला तर तेवढं सांभाळून घ्या.

आपल्याकडची पोरं हल्ली कळसूबाईला निघतात. परभणीहून रेल्वेनं नाशिक, तिथून घोटीमार्गे पायथ्याचं बारी गाव. बोरीहून बारीला! रात्रभराचा प्रवास, घरच्यांची समजूत, जमवलेले पैसे आणि मग १६४६ मीटरचा माथा. परत आल्यावर प्रश्न ठरलेला असतो: एखाद्या गिर्यारोहण संस्थेकडून याची दखल घ्यायची असेल, प्रमाणपत्र किंवा बिल्ला हवा असेल, तर दाखवायचं काय? सेल्फी पुरतो का?

नाही पुरत. महाराष्ट्राला हे २०१६ मध्ये नीट कळलंय. पुणे पोलीस दलातल्या दिनेश आणि तारकेश्वरी राठोड या दाम्पत्यानं २३ मे रोजी एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं. नेपाळच्या पर्यटन विभागानं प्रमाणपत्रही दिलं. सत्कार झाले. पण पुण्यातल्याच गिर्यारोहकांना हिशेब जुळेना. आधी वर, मग वर, मग शिखर, यात जेवढे दिवस लागतात तेवढे दिसत नव्हते. सत्यरूप सिद्धांत या गिर्यारोहकानं सांगितलं की हे फोटो माझेच आहेत, त्यात फेरफार केलाय. चौकशी झाली, नेपाळनं प्रमाणपत्र रद्द करून दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी पोलीस दलातून बडतर्फी. आता बघा, कागद त्यांच्याकडे होता, फोटोही होता. लोकांना खटकली ती दिवसांची आणि वेळांची नोंद. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट एवढीच आहे.

काठमांडूला एलिझाबेथ हॉली नावाच्या बाई होत्या. अमेरिकन पत्रकार. १९६० पासून तिथंच राहिल्या आणि २०१८ मध्ये वारल्या. हिमालयातल्या मोहिमांची नोंद त्यांनी आयुष्यभर ठेवली. स्वतः एकही शिखर चढल्या नाहीत, हं! मोहीम यायच्या आधी भेटायच्या, उतरल्यावर पुन्हा भेटायच्या आणि विचारायच्या: कुठल्या वाटेनं गेलात, कुठं तंबू टाकले, वरून काय दिसलं? सरकारी अधिकार काहीच नव्हता, तरी भले भले गिर्यारोहक त्यांच्यापुढं बसताना जपून बोलत.

याहून मला आवडते ती अमेरिकेतल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांची पद्धत. तिथं ४६ शिखरं पूर्ण करणाऱ्यांचा क्लब आहे. शिखरं चार हजार फुटांवरची म्हणून निवडली होती. नंतर मोजणी सुधारली तेव्हा त्यातली चार त्याहून कमी भरली, तरी यादी तशीच ठेवली! या क्लबच्या ग्रेस हुडोवाल्स्की १९३७ मध्ये ४६ पूर्ण करणाऱ्या पहिल्या बाई. चढणाऱ्यांनी प्रत्येक चढाईचं पत्र लिहून पाठवायचं आणि त्या उत्तर द्यायच्या. नुसती तारीख नको, काय घडलं ते लिहा, असा त्यांचा आग्रह. पत्रात पाऊस, चुकलेली वाट, सोबत्याचा मोडलेला बूट असलं काही आलं की वाचणाऱ्याला कळतंच, हा माणूस तिथं होता. खोटं लिहिणाऱ्याला असले तपशील सुचायला फार कष्ट पडतात.

मग आपण काय करायचं? दोनशे पानी वही घ्या. पायथा किती वाजता सोडला, माथ्यावर किती वाजता, उतरून कधी आलो. सोबत कोण. कुठल्या वाटेनं. हवा कशी. ही नोंद त्याच रात्री करायची, आठवड्यानं नाही. फोटोत चेहरा थोडा लहान असला तरी चालेल, पण मागं ओळखता येईल असं काही हवं: कळसूबाईला माथ्यावरचं देऊळ, साल्हेरला परशुरामाचं मंदिर. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते, आणि परीक्षकाला नेमकी तीच हवी असते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वाटेची जीपीएस नोंद घेणारं ॲप असेल तर पायथ्यापासूनच सुरू करा. मोबाईल उंची पाच-पंचवीस मीटरनं चुकीची दाखवतो. तो आकडा आहे तसाच ठेवा, हातानं "दुरुस्त" करू नका.

आणि माथा राहिला तर तसंच लिहा: "शेवटच्या शिडीखालून परतलो, पाऊस होता." अशी एक ओळ वहीत असली की बाकीच्या पानांवरही विश्वास बसतो.

सुरुवातीला कळसूबाईच कशाला, जिंतूरजवळची नेमगिरी आहे की. उंची फार नाही, जैन लेणी आहेत, सकाळी जाऊन दुपारी घरी. पहिलं पान तिचंच लिहा. कुणाला वहीचे रकाने कसे आखायचे ते बघायचं असेल तर कळवा, पुढच्या भागात एक पान वाचूनच दाखवतो.