स्पर्शावाचून वीजमापन
(इंदूर येथे वीजग्राहकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वीज डोळ्यांना दिसत नाही आणि तिला हात लावून पाहण्याची सोय नाही. तरीही तिचा हिशेब ठेवावाच लागतो. तार न तोडता, तिचे आवरण न सोलता तो कसा ठेवता येतो, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

तारेतून प्रवाह वाहू लागताच जवळची चुंबकसूची हलते, असे १८२० साली ओर्स्टेड यांना आढळले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे १८३१ साली फॅरडे यांनी दाखविले. वायरमनच्या हातातील टाँग टेस्टर हे या दोन शोधांचेच फलित होय. त्याचा जबडा तारेभोवती मिटला की अँपिअर कळतात. मात्र जबड्यात एकच तार घ्यावी. फेज व न्यूट्रल दोन्ही घेतल्यास त्यांची क्षेत्रे परस्परांना निष्प्रभ करतात व मापक शून्य दाखवितो. हे शून्य बिघडले की वीज कोठेतरी गळत आहे, असे ओळखून पुरवठा तोडणारे सर्किट ब्रेकर याच तत्त्वावर चालतात.

आपल्या इंदूरमधील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ व इंडस-२ या यंत्रांत इलेक्ट्रॉनांचा झोत निर्वात नळीतून फिरत असतो. तेथे तार नाहीच; मध्ये काही घातल्यास झोतच नष्ट व्हावयाचा. अशा झोताचा प्रवाह त्याच्याभोवती कडे बसवूनच मोजावा लागतो.

विद्युद्दाबाची गोष्ट अधिक नाजूक आहे. आवरणावर टेकविलेला धातूचा तुकडा व आतील तार मिळून एक लहानसे संधारित्र होते व त्यातून दाबाची चाहूल लागते. परंतु आवरणाची जाडी व अंतर बदलताच हे माप बदलते. म्हणून स्पर्शरहित टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्यावरून तार मृत मानू नये. धातूचे कवच असलेल्या केबलमध्ये तो वीज असूनही लागत नाही. प्राणाशी गाठ आहे, याचे विस्मरण नसावे.

केवळ अँपिअर म्हणजे युनिट नव्हेत. २३० व्होल्टवर १० अँपिअर घेणाऱ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.७ असल्यास तासाला २.३ नव्हे, तर १.६१ युनिट खर्च होतात. म्हणून प्रवाह व दाब दोन्ही एकाच वेळी मोजणे इष्ट.

बिल अधिकृत मीटरवरूनच होणार. पण कोणते यंत्र किती वीज खाते, हे कळले तरच काटकसर साधेल. मोजल्याशिवाय बचत नाही, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.