रोहिणीच्या उन्हात जुन्नर

एखादे शहर पहावयाचे तर लोक हिवाळा गाठतात. मी जुन्नर पाहिले ते 2019 सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्र लागल्यावर. डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला कातळ. ही काही हौस नव्हती. धाकट्या बहिणीला जुन्नरास दिली आहे, तिच्या घरी वास्तुशांत होती. पण खरे सांगायचे तर मनात दुसरेही एक कारण होते.

मी श्रीगोंदे तालुक्यातला प्राथमिक शिक्षक. आमच्याकडे उन्हाळ्यात कुकडीच्या कालव्याचे आवर्तन सुटले तर लिंबाची बाग जगते, नाहीतर सरपण होते. त्या वर्षी पाऊस आधीच कमी झालेला, आवर्तन लांबलेले, आणि पारावर रोज एकच बोलणे : "वरचे लोक पाणी अडवून बसलेत." ऐकून ऐकून मलाही ते खरे वाटू लागले होते. म्हटले, चला, एकदा हे वरचे लोक पाहून तर येऊ.

आळेफाट्यावर एस.टी. बदलून नारायणगावमार्गे जुन्नरला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऊन चांगलेच चढले होते, तरी बाजारात गर्दी होती. घाटाखालच्या वाड्यांतून आलेल्या बाया पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन ओळीने बसल्या होत्या. एका दुकानापुढे पोत्यांतून काळा, सुरकुतलेला बाळहिरडा ओतला होता. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातल्या महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात रोख पैसा दाखवणारे हेच एक पीक. तेही पेरावे लागत नाही, झाडाखाली वेचावे लागते, झाडावर चढून झोडावे लागते. अकरा वाजले तशी गर्दी आटू लागली, आणि बारा वाजता कल्याण पेठेत मी, एक सायकलवाला आणि सावली शोधणारे एक कुत्रे, एवढेच उरलो.

कल्याण पेठ हे नाव काही उगीच पडलेले नाही. कोकणातल्या कल्याणहून माल नाणेघाट चढून येई, तो या गावात. सातवाहनांच्या काळची ही वाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे; यज्ञात किती गाई, किती हत्ती, किती नाणी दान दिली ते त्यात आकड्यांनिशी कोरले आहे. शिक्षक मंडळींनी मुलांना घेऊन तो जरूर पहावा. आपल्या देशातले फार जुने आकडे तिथे दगडावर दिसतात. जुन्नर हे नावच जीर्णनगरावरून आले असे म्हणतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे गाव कोणे एके काळी नवे होते, यावर त्या उन्हात विश्वास बसत नाही.

आणि आम्हा नगरकरांचे नातेही या गावाशी जुने. मलिक अहमदाने 1490 साली बहमनी सत्ता झुगारली ती इथून. निजामशाहीचे पहिले ठाणे जुन्नर. मग तो खाली उतरला आणि त्याने अहमदनगर वसवले, ज्याला आता आपण अहिल्यानगर म्हणतो. राज्य गेले त्याच उताराने आता पाणी जाते, असा एक विचार तेव्हा मनात आला.

दुपारी भाचा म्हणाला, "मामा, घरात कशाला उकडून घेता? हापूसबागेत चला." मला वाटले आमराई असेल. निघाली एक भली थोरली कबर : सौदागर घुमट. हापूसबाग हे नाव आंब्यावरून नसून हबशी या शब्दावरून आले, असे सांगतात. आंबा नाही मिळाला, परंतु घुमटाखाली पाऊल टाकताच अंगावर गारवा आला. जाड भिंती आणि उंच छत. बांधणाऱ्याला ऊन माहीत होते. तासभर आम्ही तिथे नुसते बसून होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिवनेरी. शिवजन्माची कथा (सन 1630) श्रोत्यांना मी सांगायला नको. मी पाहिले ते पाणी. सात दरवाजे ओलांडून वर गेलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. आणि वर गंगा-जमुना या टाक्यांत, मे महिन्याच्या अखेरीस, स्वच्छ पाणी. वरचा बदामी तलाव मात्र उघडा, उन्हाने खाल्लेला. भाच्याने विचारले, "मामा, एक भरलेलं आणि एक असं कसं?" प्रश्न सातवीतल्या पोराचा, पण उत्तर द्यायला मला खाली बसावे लागले. तलाव आकाशाकडे तोंड करून असतो, त्याचे पाणी ऊन पिऊन टाकते. टाके कातळाच्या पोटात आडवे खोदलेले असते. आत दगडाचेच खांब सोडलेले, वर छत, तोंड लहान. ऊन आत पोचत नाही आणि वारा लागत नाही. आपले डोंगर काळ्या कठीण खडकाचे, त्यात पाणी फारसे मुरत नाही. पावसाळ्यात धो धो पडते आणि वाहून जाते. म्हणून ज्यांना डोंगरात राहायचे होते त्यांनी खडकच भांड्यासारखा कोरला. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेवर लेणी आहेत, आणि जिथे लेणे तिथे बहुधा टाके. जुन्या लेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, दोन पोढ्या दान दिल्याचा लेख इथे आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. ते दानही थोर खरे. पण मे महिन्यात विचाराल तर माझे मत इरिलाला.

तिसऱ्या दिवशी मेहुण्यांच्या ओळखीच्या जीपने आंबेगाव तालुक्यात गेलो. या तालुक्याचे एक नवल आहे. नाव आंबेगावचे, कचेरी घोडेगावला, आणि मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की गाळ उघडा पडतो. काठावर एक म्हातारे बाबा शेरडे राखत होते. काठी उचलून त्यांनी दाखवले, "ती जोती दिसतात ना, तिथं पेठ व्हती. आमी पोरं तिथं गुळाच्या ढेपांवर बसायचो." मी विचारले, "बाबा, वाईट वाटतं का?" ते म्हणाले, "दरसाल वर येतंय, दरसाल बुडतंय. किती येळा वाटून घ्यायचं?" आणि शेरडांमागे निघून गेले.

या डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने येडगावच्या धरणात येते, माणिकडोहाचेही कुकडी नदीतून तिथेच येते, आणि येडगावहून निघालेला कालवा पारनेर, श्रीगोंदे, कर्जत करीत करमाळ्यापर्यंत जातो. मी पितो ते हेच पाणी.

परतताना धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत थांबलो. दारी हंडे ओळीने मांडलेले. मला वाटले, लग्न आहे. लग्न नव्हते, टँकरची वाट पाहणे चालले होते. एका ताईंनी आम्हाला तांब्याभर पाणी दिले. मी म्हटले, "ताई, राहू द्या, तुम्हालाच कमी." त्या म्हणाल्या, "पाव्हण्याला पानी नाय म्हनलं तं मंग काय ऱ्हायलं, गुरुजी?" तिथून खाली पाहिले तर जलाशय चकाकत होता. फार लांब नाही. पण तो खोल दरीत आणि वाडी डोंगराच्या उतारावर, मधे सरळ चढ. पाणी वर चढवायला पंप हवा, नळ हवा, विजेचे बिल भरणारे हवे. सबंध पावसाळा अंगावर घेणारी ही माणसे, आणि मे महिन्यात त्यांच्याकडे पाण्याचा हिशेब आमच्याहून बारीक. मी तो तांब्या अर्धाच प्यालो. उरलेले पाणी त्यांनी सांडले नाही, परत हंड्यात ओतले.

गावी पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. पारावर मंडळी बसलेलीच होती.

"काय गुरुजी, काय म्हणतात वरचे लोक?"

मी म्हटले, "त्यांच्या वाडीला टँकर येतो."

जरा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, "टँकर भरतात कुठून?"

म्हटले, "धरणातून."