प्रथिनावरची खूण



पेशीत कोणते जनुक केव्हा वाचले जावे, हे ‘सॅटबी-१’सारखी नियामक प्रथिने ठरवतात. पुण्यात त्यावर संशोधन करून २०१० चा भटनागर पुरस्कार मिळवणारे डॉ. संजीव गलांडे पुढे आपल्या दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठात आले.

अभ्यासासाठी असे मानवी प्रथिन जिवाणूकडूनही बनवून घेता येते, कारण जनुकांची लिपी जीवसृष्टीत जवळपास एकच आहे. मात्र मानवी पेशी प्रथिनावर उमटवते ती फॉस्फेटची खूण जिवाणू सहसा उमटवत नाही. आणि सॅटबी-१ जनुकाला दाबणार की चेतवणार, हे त्या खुणेवर अवलंबून असते.

भाषेचेही तसेच आहे. दिल्लीतले मूल मराठी अक्षरे कुठेही गिरवील. त्यांवरची खूण घर आणि ही शाळाच उमटवते. हीरक महोत्सवानंतरही ती उमटत राहो.